मालवणच्या पाण्यात अक्का आणि मी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. आबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून होते—तरी नाही. तुम्हाला वाटेल, असं काय असेल एवढं? आधी आमच्या क्लबचं सांगते. थेट तिथे यायला जमत नाही मला.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे सोनगीरचे, पण जळगावात मेहरूणला राहून विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. बुडी मारून तळाचा पाइप मोकळा करणं हा त्यांच्या हातचा मळ. एकदा मालवणला कुणाच्या लग्नाला गेले आणि काजूऐवजी दोन चष्मे अन् दोन नळ्या घेऊन आले. पाण्यावर पालथं तरंगायचं, नळीतून श्वास घ्यायचा, चष्म्यातून खालचं बघायचं—स्नॉर्कलिंग. खानदेशात कुठला आलाय समुद्र? लोक हसायचे. आबांचं एकच, "विहीर काय नि समुद्र काय, बठ्ठं पानी एकच शे."

सोनगीरला काकांच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी हिवाळ्यात इतकं नितळ की तळाला पडलेली बादली दिसायची. तिथे आबांनी आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती पाण्यात उतरली की आवाजसुद्धा व्हायचा नाही. हळूहळू ओळखीपाळखीची माणसं यायला लागली आणि क्लब झाला. आबांनंतर तो अक्काच चालवणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. मला ते खुपत होतं का? नव्हतं—असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

मग क्लबची पहिली मालवणची सहल. मी सतरा वर्षांची. अकरा माणसं, एक होडी, आणि आबांचा नियम—"जोडी सोडानी नही." माझी जोडी अक्काशी. खाली काळे-पिवळे मासे होते, अक्का बोटानं दाखवत होती. तेवढ्यात एक लाट डोक्यावरून गेली आणि माझ्या नळीत पाणी शिरलं. विहिरीत हे शंभरदा झालेलं. जोरात फुंकायचं, पाणी बाहेर टाकायचं—एवढंच. पण मी फुंकलं नाही. मी अक्काच्या अंगावर चढले.

हो—चढले. तिचा चष्मा ओढून काढला, तिच्या खांद्यावर गुडघे रोवले आणि वर येऊन श्वास घेतला. ती खाली गेली. तिचं डोकं माझ्या पायाला लागत होतं. मी पाय काढला नाही.

होडीवाल्यानं दोघींना ओढून घेतलं. अक्का ओकत होती, तिला बोलता येत नव्हतं. आबांनी विचारलं, "काय व्हयनं?"

मी म्हणाले, "अक्का घाबरली. तिनं मला धरलं."

अक्काला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी सांगितलं तेच तिनं खरं मानलं. रात्री जेवताना माझ्या ताटात तिच्या ताटातला मासा वाढला आणि हळूच म्हणाली, "माझ्यामुळे तुझं काही झालं असतं तर गं?" त्यानंतर ती कधी पाण्यात उतरली नाही. पुढच्या हिवाळ्यात आबांनी क्लबची शिट्टी माझ्या गळ्यात घातली.

आणि मी सुखात आहे—हेही लपवत नाही. आता क्लब जळगावजवळच्या एका शेततळ्यावर भरतो, दर रविवारी सकाळी वीस-पंचवीस बायका येतात. काचेवर वाफ धरू नये म्हणून चष्म्याला आतून थुंकी चोळावी लागते. नवी बाई लाजते, पाठ फिरवून थुंकते, मग पाण्यात तोंड घालते आणि नळीतूनच किंचाळते. मला ते फार आवडतं. अक्काही धुळ्यात समाधानानं आहे. शाळेत शिकवते. आमच्या प्रत्येक सहलीला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या नि भरीत करून पाठवते. मग उगाच कशाला उकरायचं? वर्षानुवर्षं मी हेच म्हणत राहिले.

गेल्या महिन्यात अक्काची मुलगी गौरी नोकरीसाठी जळगावला आली. तिला सोडायला अक्काही आली होती. मी गौरीला म्हटलं, ये की रविवारी तळ्यावर. ती हसली, "नको मावशी. मी मम्मीवर गेलेय. आमच्या रक्तातच भीती आहे." शेजारी बसलेल्या अक्कानं मान डोलावली. लाजून. माझी अक्का, विहिरीच्या तळाला जाऊन मूठभर गाळ वर आणणारी—लाजली.

क्लबची स्मरणिका निघतेय. इतिहास मी लिहायचा, असं ठरलं. पहिल्या सहलीपाशी आले आणि हात सवयीनं लिहून गेला—अक्का घाबरली. ते वाक्य मी खोडलं. त्याच्या जागी हे लिहिलं. छापायला देण्याआधी उद्या धुळ्याला जाऊन अक्कासमोर वाचणार आहे. गौरीलाही सोबत नेतेय. अक्का काय म्हणेल, मला माहीत नाही. तिनं काही म्हणावंच, असंही नाही.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते, असं म्हणता येईल. पण त्यानंतरची बत्तीस वर्षं मी सतरा वर्षांची नव्हते.