रक्त बर्फात ठेवू नये

आमच्या माहेरी 'ताजं' या शब्दाचा अर्थ एकच: बर्फावरचं. आई उरणला मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी विकते. माझं लग्न ठरलं तेव्हा नवरा मुलगा काय करतो हे तिने नंतर विचारलं, आधी त्यांच्या पनवेलच्या घरात फ्रिज केवढा आहे ते विचारलं. त्यामुळे पुढे जो घोळ झाला, त्यात चूक तिची होती असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडायला उभी राहते.

गेल्या वर्षी तिच्या मानेला गाठी आल्या. दुखत नव्हत्या, म्हणून तिने त्या पदराखाली झाकल्या. मला कळलं तेही तिच्या शेजारणीकडून. मी तिला जवळजवळ ओढतच पनवेलच्या डॉक्टरांकडे नेलं. साध्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या.

डॉक्टरांनी घाई न करता समजावून सांगितलं. रक्ताचा कॅन्सर दिसतोय, पण तो दोन प्रकारचा असू शकतो. एक सावकाश चालणारा, त्याला पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवलं तरी वर्षानुवर्षं निभावतं. दुसरा घाईचा, त्याला केमो लवकर सुरू करावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडच्या पेशी जवळपास सारख्याच दिसतात. पण पेशींच्या अंगावर खुणा असतात. त्या खुणांना चिकटणारे चमकते रंग रक्तात घालतात, मग मशीन एकेक पेशी प्रकाशासमोरून सोडतं आणि कोणावर कुठली खूण आहे ते वाचतं. ही तपासणी मुंबईच्या लॅबमध्ये होते.

"लांबून समद्या होऱ्या सारक्याच," धक्क्यावरच्या होड्या आठवून आई म्हणाली. "बावटा बगितला का कलतं कोनाची ती. तसंच ना?"

"अगदी तसंच, मावशी," डॉक्टर म्हणाले.

मग तिने खरा प्रश्न विचारला. "माजं केस जातील का?"

आईच्या अंबाड्यावर वेणी नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. वडील गेल्यावर चार लोकांनी नावं ठेवली तरी तिने वेणी माळणं सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "घाईचा निघाला तर जातीलही. आधी कळू दे. आणि हो, या तपासणीला रक्त ताजं लागतं. खराब झालेलं चालत नाही."

आईने मान हलवली. ताजं कसं ठेवायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

धंद्याचे दिवस होते, ती पुन्हा पनवेलला यायला तयार होईना. म्हणून असं ठरलं की उरणच्या लॅबवाल्याने घरी येऊन रक्त काढायचं आणि मी ते पनवेलच्या सेंटरवर पोचवायचं. त्याने रक्त काढलं, नळी पिशवीत घालून दिली, मी ती पर्समध्ये ठेवली आणि मोरीत तोंड धुवायला गेले. निघताना आईने हातात स्टीलचा डबा दिला. "वाटंत उगडू नको, आनि आरवा करू नको." आडवा केला तर पाणी सांडेल म्हणजे कोलंबी असेल, असं मला वाटलं.

न्हावा शेव्याच्या ट्रेलरांनी त्या दिवशी रस्ता धरून ठेवला होता. एसटी जागची हलेना, डबा ठिबकायला लागला आणि शेजारच्या बाईच्या साडीवरून आमची चांगलीच जुंपली. सेंटरवर पोचले तर पर्समध्ये नळी नाही. पर्स उलटी करून झटकली. मग डबा आठवला. उघडला तर आत फोडलेला बर्फ, गारवा वाढावा म्हणून त्यावर मूठभर खडेमीठ, आणि मधोमध प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं माझ्या आईचं रक्त. गोठलेलं.

काउंटरवरची मुलगी हसली नाही, एवढ्यासाठी तिचे उपकार मी विसरणार नाही. "ताई, हे रिजेक्ट होणार," ती हळूच म्हणाली. "याच्यात पेशी जिवंत लागतात. गोठून फुटल्या तर खुणा वाचणार कशाच्या? ऊन नको, बर्फ पण नको. साध्या हवेत ठेवायचं फक्त."

मी तिथूनच फोन लावला आणि आईवर तोफ डागली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तीच भडकली.

"मंग त्या डाक्टरानी ताजं कशाला सांगितलं? जित्तं सांगाचं ना! जित्तं म्हंजे चिंबोरीसारखं. चिंबोरीला कोन बरफान ठेवतंय? मेली का टाकूनच द्याची ती."

आईने रक्ताचा खेकडा केलेला ऐकून मी काउंटरला टेकून हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले. त्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः आली, अबोलीची वेणी माळून. रक्त दिलं आणि नळी ज्या खोक्यात ठेवली त्यात वाकून पाहिलं. "बरफ नाय ना घातला?" मुलगी म्हणाली, "नाही मावशी." तरी हिने आत हात घालून खात्री केली.

रिपोर्ट येईपर्यंत मी तिला माझ्याकडेच ठेवून घेतलं. त्या दिवसांत मी नवऱ्याशी भांडले, दूधवाल्याशी भांडले, सोसायटीच्या पाण्यावरून सेक्रेटरीशी भांडले. आई गॅलरीत बसून केस विंचरायची. फणीत अडकलेले केस एरवी मी नाक मुरडून फेकायला लावते. तेव्हा मात्र मी ते गुपचूप उचलून कपाटात ठेवले. मला फार भीती वाटत होती.

रिपोर्टमध्ये सावकाश चालणारा प्रकार निघाला.

"आत्ता औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "दर काही महिन्यांनी तपासायचं, बस."

"म्हंजे बरा झाला?"

"नाही मावशी. आहे तो. सध्या स्वस्थ आहे."

आईने रिपोर्ट हातात घेऊन उलटापालटा केला. "त्या पेशी जित्त्या पोचल्या म्हनून तुमाला कललं ना?"

"हो."

"आनि जित्त्या हायत म्हनूनच मना ह्यो आजार."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी तिचा हात धरला.

आता ती पुन्हा धक्क्यावर बसते. परवा तपासणीची तारीख सांगायला गेले, तर पाटीत काथ्याने बांधलेल्या चिंबोऱ्या होत्या. एक गिऱ्हाईक पाटीवर वाकून एका चिंबोरीकडे संशयाने बघत होतं.

"जिवंत आहे का गं, मावशी?"

आईने वर बघितलं, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. अंबाड्यावरची वेणी सारखी केली.

"हाय," ती म्हणाली. "अजून हाय."