सकाळचं लंगडणं

मालनबाई माझी बायको. माहेर बोरीचं. बावीस हंगाम आम्ही जोडीनं ऊस तोडला. मी तोडायचो, ती मोळ्या बांधायची. मग दोघंही मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचो. तिची मोळी माझ्या मोळीपेक्षा कधी हलकी नव्हती.

शेवटच्या हंगामात ती सकाळी कोपीतून, आमच्या पाचटाच्या झोपडीतून, लंगडत निघू लागली. फडात पोचेपर्यंत पाय सुटायचा. मुकादम पंडित सगळ्या टोळीसमोर म्हणाला, "वैनी, कोपीत लंगडायलाव अन् फडात पळायलाव. पाय दुखायलाय, का काम जड व्हायलंय?"

टोळी हसली. मीही हसलो. खरा दुखणारा पाय दिवसभर दुखतो, अशी आमची समजूत.

कामचुकार ठरणं तिला लागलं. पण ती भांडली नाही. गुडघ्यावर पाळत ठेवली. चहाला उकळी येईपर्यंत तो आखडलेला, मग मोकळा. फळी चढताना दुखे, उतरताना जास्त. उकिडवं बसून उठलं की आत कुरकुर. कामानंतर सूज, पण हात लावला तर गरम नाही. टेकलं की कळ थांबे.

हंगाम संपताच ती मला घेऊन गंगाखेडला डॉक्टरांकडे गेली. सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला.

"सांध्याची झीज आहे. बसून आखडणं अन् चालल्यावर सुटणं, ही तिची मोठी खूण. बाई, तुम्ही निम्मं निदान करूनच आलात."

"म्हंजी मी सोंग करीत न्हवते?"

"सोंगाला सूज येत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

ऊसतोड सुटली, डोक्यावरची मोळीही सुटली. मांडीला बळ येण्याचे व्यायाम डॉक्टरांनी दिले. दोन वर्षांत व्यायामाला तिचा एक खाडा नाही.

यंदा पंडित टोळी जमवायला घरी आला. बराच वेळ बसला. उठताना खांब धरला, चार पावलं लंगडला, मग नीट चालू लागला.

"पंडितभाऊ, थांबा," मालनबाई म्हणाली. "पायऱ्या उतरताना लय दुखतंय का चढताना?"

"उतरताना. तुमाला कसं कळलं?"

"सकाळी चहा उकळूस्तोर आखडतो?"

"व्हय."

"मंग डॉक्टरला दाखवा. अन् टोळीत कुनी सकाळी लंगडलं, तर हसू नका."

पंडित दाराची चौकट धरून मागं वळला. "वैनी, तवा माझं चुकलं," म्हणाला.

बावीस हंगामांत त्यानं हे कुणालाच म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.