झुडपात अडकलेला मेंढा

मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक अंकासाठी शास्त्रातल्या एखाद्या कुटुंबाविषयी चार शब्द लिहा, असं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. अब्राहाम, इसहाक यांच्यावर बोलायला पाळक आहेत, शिकलेले लोक आहेत. मला त्या गोष्टी वाचताना माझी बहीणच दिसत राहते, म्हणून तिच्याविषयी लिहितो. काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. मी तीन वर्षांचा असताना मला ताप आला, तो काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी हात टेकले. रविवारी आई माझ्या उशाशी बसून राहिली आणि बाबा ताईला घेऊन उपासनेला गेले. प्रार्थना चालू असताना ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मुलगा वाचला तर मुलगी देवाला देईन. ती लग्न करणार नाही, या प्रार्थनाघराची सेवा करील. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे एका आवाजात आमेन म्हणाले. ताई बाबांचा हात धरून उभी होती. सगळे म्हणताहेत म्हणून तीही म्हणाली.

मी वाचलो.

शास्त्रात हन्नाची गोष्ट आहे. मूलबाळ नव्हतं, म्हणून तिने रडून देवाकडे मुलगा मागितला आणि झाल्यावर तो देवाच्या सेवेला देऊन टाकला. बाबा नेहमी तिचा दाखला देत. ताई मोठी झाल्यावर एकदा मला म्हणाली, "हन्नाने जो मागितला तोच दिला रे. बाबांनी मागितलास तू आणि दिलं मला. हे कुठल्या शास्त्रात बसतं?" बाबांसमोर मात्र ती असं कधी बोलली नाही. आई लवकर गेली, तिला काय वाटत होतं ते कळलंच नाही.

शाळा संपली आणि ताई प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत राहायला गेली. खोली लांबट, बोळासारखी. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला स्टोव्ह, मध्ये तिचं रफूचं टेबल. खिडकी एकच आणि ती शेजारच्या गोदामाच्या भिंतीकडे उघडे. भिंत इतकी जवळ की हात बाहेर काढला तर विटांना लागावा. दिवसाही दिवा लावूनच ती काम करायची. लोक कोट आणत, पँटी आणत, सिगारेटने जळलेल्या, खिळ्याला अडकून फाटलेल्या. ताई त्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायची आणि भोक असं भरायची की मालकाला बोट फिरवून शोधावं लागे.

बाकीचा वेळ प्रार्थनाघराचा. झाडणं, पुसणं, खुर्च्या लावणं, दार उघडणं, दार लावणं. किल्ल्यांचा जुडगा कायम कमरेला. मावसबहिणीच्या लग्नाला दुसऱ्या गावी गेली तर पंगत बसायचीही वाट न पाहता परतली म्हणावं, इतक्या घाईने आली, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता. शेजारणी कौतुकाने म्हणत, "ताई, तुम्ही म्हणजे अगदी देवाघरच्या."

"अजून गेले नाही हो," ताई म्हणायची. "वाटेत थांबलेय."

पुढे बाबांची नजर अधू झाली. ते माझ्याकडे राहत. छापखान्यातून मी घरी येईपर्यंत ताई त्यांना शास्त्र वाचून दाखवायला आलेली असे. बाबांची आवडती गोष्ट म्हणजे अब्राहामाने इसहाकाला डोंगरावर नेलं ती. मुलाला बांधतो, सुरी उचलतो, तेवढ्यात देव थांबवतो, आणि जवळच झुडपात शिंगं अडकलेला एक मेंढा दिसतो. मुलाच्या जागी त्याचा बळी होतो. बाबा दरवेळी डोळे पुसत आणि म्हणत, "बघ, मुलगा कसा परत मिळाला."

एकदा मी ताईला पोचवायला निघालो होतो. चालता चालता म्हणालो, "बांधलेल्या त्या मुलाला काय वाटलं असेल, नाही?"

"मुलाचा विचार सगळेच करतात," ताई म्हणाली. "तो बापाबरोबर घरी गेला, त्याचं लग्न झालं, त्याला जुळं झालं. मी आपली मेंढ्याचा विचार करते. शिंगं अडकली नसती तर तो तिथे थांबला असता का रे?"

मी तिला दारापर्यंत सोडलं आणि परत फिरलो.

ताईने पन्नाशी ओलांडली होती त्या वर्षी मोठ्या गारा पडल्या आणि प्रार्थनाघराच्या एका बाजूच्या सगळ्या काचा फुटल्या. नव्या काचा बसवायला एक काचवाला आला. विधुर होता, ताईच्याच वयाचा, हातांवर जुन्या कापल्याच्या खुणा. बोलायला मोकळा. गावात लहानथोर सगळे तिला ताई म्हणत, हा एकटाच 'बाई' म्हणायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी एकदा खोलीत बसलो होतो तेव्हा तो ताईच्या खिडकीची फुटलेली काच काढत होता.

"बाई, ही खिडकी इकडे कुणी काढली? भिंत बघायला?"

"मला विचारून नाही काढली."

"तुम्हाला विचारून काय काय केलंय इथे?"

ताईने दाताने धागा तोडला. "काच बसवा. ऊन चाललं."

"ऊन इथे येतं कधी जायला? काच बसवून देतो, पण दिसणार भिंतच. जरा स्वच्छ दिसेल एवढंच."

ताई हसली. आवाज न करता, खांदे हलवून. तशी हसताना मी तिला फार दिवसांनी पाहत होतो.

काम रेंगाळलं. प्रार्थनाघराच्या काचांना एवढा वेळ का लागतोय, अशी चर्चा व्हायला लागली. मग एक दिवस काचवाला छापखान्याच्या फाटकाशी माझी वाट बघत उभा. बोटांना पुट्टी तशीच.

"तुमच्या बहिणीला लग्नाचं विचारायचंय," तो म्हणाला. "पण त्यांच्यासमोर तोंड उघडलं की मी काचेची मापंच सांगत बसतो. तेवढं तुम्ही विचारा."

मी विचारलं. ताई आधी म्हणाली, "या वयात? लोक हसतील."

"हसू देत की."

"हसण्याचं काही नाही रे." तिने सुई उशीत टोचून ठेवली. "मला जायचंय. तुला खोटं कशाला सांगू, मला फार जायचंय. पण मला मोकळं कुणी केलंय?"

मी म्हणालो ती जुनी गोष्ट आहे. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. आम्ही ज्या घरात वाढलो तिथे दिलेला शब्द ही भिंतीइतकी खरी गोष्ट होती. इफ्ताहाची गोष्ट आम्हाला पाठ होती. त्याने लढाई जिंकण्यासाठी नवस केला आणि त्यात त्याची एकुलती एक मुलगी गेली. तिने निदान मैत्रिणींबरोबर डोंगरात हिंडायला थोडे दिवस मागून घेतले. ताई म्हणायची, तिने मागितले तरी. मला मागायचं असतं हेच माहीत नव्हतं.

मग नियमशास्त्र वाचताना तिला एक जागा सापडली. देवाला वाहिलेलं माणूस योग्य ते मोल देऊन सोडवता येतं, असं तिथे आहे. ताईने ते पान कितीदा वाचलं असेल, पण ते गुराढोरांबद्दल असेल असं समजून पुढे गेलेली. ती पाळकांकडे गेली. पाळक तरुण होते, भले होते. म्हणाले, "ताई, देव असा एका शब्दावर अडून बसत नाही."

"देवाचं मला माहीत नाही," ताई म्हणाली. "मी अडून बसलेय. ज्याने बांधलं त्याने सोडलं तर मी उठेन."

त्याच संध्याकाळी ती बाबांकडे आली. वाचायचं पुस्तक उघडलंच नाही. मी दारात उभा होतो.

"बाबा, तुम्ही माझ्याबद्दल नवस केला होता. तो सोडा."

"कसला नवस?"

"हा आजारी होता तेव्हा. प्रार्थनाघरात."

बाबा आठवू लागले. "ताप आला होता याला. डॉक्टर चांगला होता हो. नवस कसला? तुलाच लग्न करायचं नव्हतं. मी सगळ्यांना तेच सांगायचो, पोरीला संसाराची आवडच नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"मग मी आता जाऊ?"

"जा की. मी कुठे धरून ठेवलंय? जाताना तेवढा दिवा लाव."

तिने दिवा लावला. जिन्यात येऊन पायरीवर बसली. मी म्हणालो, "जा म्हणाले ना?"

"दिवा लाव म्हणाले त्याच सुरात जा म्हणाले. ज्याला बांधल्याचंच आठवत नाही तो सोडणार कसा रे?"

म्हाताऱ्या इसहाकाची गोष्ट तेव्हा माझ्या मनात आली. त्याला दिसत नव्हतं, म्हणून थोरल्याचा आशीर्वाद धाकट्याला दिला गेला. थोरला रडला, ओरडला, पण दिलेला शब्द बापाला परत घेता आला नाही. आमच्याकडे वेगळीच गत. शब्द जागच्या जागी, आणि देणाऱ्याच्या डोक्यातून तो गेलेला. बाबा खरंच विसरले होते, की विसरणं त्यांना सोपं वाटलं, हे मी तेव्हाही सांगू शकलो नसतो.

रविवारी उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे उठून आपला अनुभव सांगायची वेळ आली तेव्हा ताई उठली. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, मी त्यांच्या शेजारी. ती कधी बोलत नसे, त्यामुळे सगळे माना वळवून बघू लागले. ती म्हणाली, "याच जागी मला देवाला दिलं तेव्हा तुम्ही सगळे आमेन म्हणाला होतात. ज्यांनी दिलं त्यांना आता आठवत नाही. तुमच्यातल्या काहींना आठवतं. मला आता लग्न करायचंय. तुम्ही बांधायला आमेन म्हणालात, तसं सोडायलाही म्हणा."

खुर्च्या कुरकुरल्या. शेवटी खजिनदार उठले, घसा साफ केला. "ताई, तुमचं सगळं खरं. पण मग दार कोण उघडणार?"

माणूस वाईट नव्हता. त्याला ती काळजी खरोखरच पडली होती.

ताई त्यांच्याकडे वळली. "हा प्रश्न देवाचा आहे, की तुमचा?"

"म्हणजे, व्यवस्थेचा," खजिनदार म्हणाले.

"देवाचा असता तर मी थांबले असते. व्यवस्थेचं तुम्ही बघा." तिने कमरेचा जुडगा सोडून पुढच्या टेबलावर ठेवला. पण जागची हलली नाही. तिला ते ऐकायचंच होतं.

मागून एक म्हाताऱ्या शिक्षिका, त्या जुन्या रविवारी तिथे असलेल्या, आमेन म्हणाल्या. मग आणखी कुणी. मग बरेच जण. मीही म्हणालो, पण ते शेजारच्यालाच ऐकू गेलं असेल. शेजारी बाबा होते. इतर म्हणताना तेही म्हणाले, ते नेहमीच म्हणत.

लग्न साधंच झालं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, काचांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ताई राहू लागली. तिथल्या खिडकीतून रस्ता दिसे. ती सुटली असं लिहून मला थांबता आलं असतं. पण काचवाले मला सांगत, रविवारी उजाडायच्या आत ती उठून बसते, कमरेशी हात नेऊन काहीतरी चाचपते. "काय शोधतेस विचारलं तर म्हणते, काही नाही." आमच्याकडे आली की बोलता बोलता खुर्च्या रांगेत लावायची. माझी बायको म्हणायची, "वन्सं, इथे उपासना नाही, जेवण आहे." ताई हसून खुर्ची वाकडी करायची आणि थोड्या वेळाने पुन्हा सरळ करायची.

बाबा अंथरुणाला खिळले त्या दिवसांत एका दुपारी त्यांनी विचारलं, "ताई कुठंय?"

"तिच्या घरी."

"तिचं घर ते प्रार्थनाघर. तिला मी देवाला दिलंय." आवाज स्वच्छ होता. "तू मरणार होतास. ती माझ्या शेजारी उभी होती, निळा फ्रॉक घातलेला. तिला कुणी जाऊ दिलं?"

"मंडळीने सोडलं, बाबा. तुम्हीही आमेन म्हणालात."

"मी?"

"हो."

त्यांनी नजर छताकडे वळवली. मग म्हणाले, "मला कळलं असतं तर म्हणालो नसतो."

दुसऱ्या दिवशी ताई आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिने पांघरूण नीट केलं तसं बाबांनी तिचं मनगट धरलं. त्यांच्या हातात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"काय बाबा?" ताई म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तसाच उभा राहिलो. ताईने हात ओढून घेतला नाही, ती वाकलेली तशीच थांबली. बाबांचे ओठ हलत होते. मग त्यांनी एकेक बोट सैल केलं आणि हात परत अंगावर ठेवला.

"उन्हातून आलीस," ते म्हणाले. "चहा घेतलास का?"

"घेते," ताई म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.