भाऊबिजेसाठी जोडलेलं मशीन

व्हिडिओ गेमचं ते जुनं मशीन मी हौसेनं दुरुस्त केलं, असं दौंडच्या आमच्या गल्लीत सगळे समजतात. मीही तसं समजू दिलं. खरं कारण वेगळं होतं. मला माझ्या धाकट्या भावाच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, आणि तीही आबांच्या देखत. आबा म्हणजे आमचे वडील. त्यांनी ऐंशी ओलांडली होती, म्हणून घाई होती.

मी नववीत आणि भाऊ सातवीत असताना आम्ही दोघं एका सायकलवर वस्तीवरून शिरूरला शाळेत यायचो. एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. रुपया टाकला की एक डाव. रुपया नसला तर आईच्या शेगडीचा लायटर. नाण्याच्या फटीपाशी लायटर दाबला की ठिणगीनं मशीन फसायचं आणि डाव फुकट मिळायचा. ही विद्या शिरूरच्या तमाम पोरांना अवगत होती. काम झालं की भाऊ लायटर बाहेर आणून माझ्या दप्तरात टाकायचा, कारण त्याचं दप्तर आबा तपासायचे. मुलीचं दप्तर तपासण्याची कुणाला गरज वाटत नसे. मग तो आत आणि मी दारात सायकल धरून, डोळ्यांत तेल घालून उभी. पार्लरमध्ये मुली जात नसत. मी एकदाही आत पाय टाकला नाही.

एका बाजारच्या दिवशी आबा मार्केट यार्डात भाजी उतरवून भलत्याच गल्लीतून आले. मला ते दिसले तेव्हा उशीर झाला होता. मी हाक मारली, भाऊ मागच्या दारानं पसार झाला, आणि मी सायकल धरून तिथंच राहिले. दप्तरात लायटर सापडला. भर रस्त्यात मार खाल्ला. घरी आईनं भावाला विचारलं तेव्हा त्यानं कानावर हात ठेवले. मी खरं बोलले नाही. त्याला माझ्यापेक्षा जास्त मार बसेल असं वाटलं, आणि दोन दिवसांत तो स्वतःच सांगेल असंही वाटलं. सोमवारपासून माझी शाळा बंद झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

भाऊ पुढं शिकला, रांजणगावच्या एका कंपनीत सुपरवायझर झाला. मला दौंडला दिलं. आमच्या ह्यांचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार आली की आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायची, तिला मोटार भरणं म्हणतात. ते काम मी बघून बघून शिकले आणि आता ह्यांच्यापेक्षा चांगलं करते. पाटीवर नाव अर्थातच ह्यांचं आहे.

गेल्या पावसाळ्यात शिरूरच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या मोटारी बघायला गेले, तर हे मशीन अंगणात पडलेलं. भंगारवाल्याच्या कोंबड्या त्यात अंडी घालत होत्या. पार्लरच्या दारातून मला त्याची एकच बाजू दिसायची, तिच्यावर पिवळा वाघ चिकटवलेला. वाघाचं शेपूट गेलं होतं, पण मी लगेच ओळखलं. भंगारवाल्याच्या कूलरची मोटार फुकट भरून दिली आणि त्या बदल्यात मशीन टेम्पोत घातलं. हे म्हणाले, पोरं शिकायला बाहेर, आता म्हातारपणी आपण दोघं खेळायचं का. मी म्हटलं, बघू.

पैसे घालायचे नाहीत हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. या प्रकरणात माझं आधीच पुरेसं गेलं होतं. तळ वाळवीनं खाल्लेला, तिथं मुलीच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलाची फळी बसवली. पडदा गेला होता. शेजाऱ्यांकडे नवीन टीव्ही आल्यापासून जुना माळ्यावर पडून होता, तो मागून आणला आणि त्याची ट्यूब काढली. बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही करंट दडून असतो, तो आधी काढून टाकावा लागतो. ते करताना हे चार हात लांब उभे होते. खेळायच्या दांडीची स्प्रिंग गंजून तुटली होती, तिथं पंपाच्या सीलची स्प्रिंग बसली. नाण्याच्या पेटीऐवजी दारावरच्या बेलचं बटण लावलं. विकत घेतलं ते फक्त ऑनलाइन मिळणारं, जुन्या खेळांचं स्वस्तातलं बोर्ड. पहिल्यांदा चित्र आलं ते उलटं. कॉइलची टोकं बदलली, सरळ झालं. कॉइलचं मला कुणी शिकवायला नको.

मग मी खेळायला बसले आणि मिनिटभरात मेले. पुन्हा बसले, पुन्हा मेले. वर्षभर ज्या खेळाच्या राखणीला उभी राहिले, तो मला येत नव्हता. त्या दिवशी मला माझीच फार कीव आली.

भाऊबिजेला भाऊ आबांना घेऊन आला. मशीन बघून त्याचा चेहरा खुलला. पायातले बूट न काढताच तो बसला, आणि त्याचे हात काही म्हणता काही विसरले नव्हते. आबा शेजारच्या खुर्चीवर बशीतून चहा पीत होते. मी त्याच्या पाठीशी उभी राहिले. मला वाटलं, आता सांगेल. खेळता खेळता तो आमच्या ह्यांना म्हणाला, "दाजी, लायटर हिच्याच दप्तरात असायचा. लई वस्ताद बाई. आमी दोघं मिळून खेळायचो."

"मी कवा आत आले हुते?" मी विचारलं.

पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, इतकं जुनं आता कुणाच्या ध्यानात राहतं.

तेव्हा मीच बोलले. "आबा, त्या दिवशी आत ह्यो हुता. मी नुसती दारात हुते. लायटरबी हाच आणायचा."

आबांनी बशी खाली ठेवली नाही. "ठावं हाय," ते म्हणाले. "तवाच ठावं हुतं. मागच्या दारानं पळताना पाह्यला की म्या ह्याला. पर पोराची शाळा मोडून कसं भागलं असतं?"

भावानं पहिल्यांदाच मान वळवली. मी त्याच्या तोंडावर लाज शोधत होते. तिथं सुटका होती. आपण आबांना फसवलं नव्हतं, एवढंच त्याला त्यातून कळलं, आणि तो पुन्हा खेळायला लागला.

तीस वर्षं मी समजत होते की खरं कुणाला माहीत नाही म्हणून माझं नुकसान झालं. मी आत गेले. ताट तयार होतं, निरांजनात तूप घातलेलं होतं. आबांनी बाहेरून दोनदा हाक मारली, ओवाळून घे, आम्हाला उजेडी घरी पोचायचंय म्हणाले. मी वात लावली नाही. "जावा तुमी," मी म्हणाले, आणि त्या वर्षी भावाला ओवाळलं नाही.