झिऱ्याचं पाणी आणि खाडीची वाळू

कोगनोळीकडच्या आमच्या गावात पूर ओसरला, की नदीनं टाकलेल्या वाळूत हातभर झिरा खणायची रीत होती. त्यात पाणी निवळ, गोडं साठलं, की वाळू बसली असं धरायचं आणि तिथं काकड्या लावायच्या. पुढल्या पावसापर्यंत ती जागा हलत नसे.

चौथीत शाळा सोडलेला मी, एवढीच विद्या घेऊन वेंगुर्ल्याच्या बंदरावर आलतो. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यानं, आमच्या आप्पांनी, गाड्यांतले बोद, म्हणजे तंबाखूचे मोठे गठ्ठे, गलबतात चढवायला मला ठेवलेलं. बोद भिजले की नोकरी गेली, ही धास्ती उठता-बसता असे.

दिवाळीनंतर खाडीच्या तोंडाशी वाळूची लांब जीभ वाढली. गोदामापेक्षा ती गलबताला जवळ. झिरा खणला, पाणी गोडं. मी तिथं बोद ठेवायला खोप घातली आणि आप्पांना तसं कळवलं.

शेजारी मासे वाळवणारी एक कोळीण होती. मी तिला आक्का म्हणायचो.

"अरे घाट्या, पाणी गोडां म्हणान वाळू तुझी झाली?"

"नदीचीच हाय न्हवं, आक्का?"

"नदीन हाडून टाकली खरी. पावसात सगळी दर्यात ओतली. मग उघडीप पडल्यार ल्हान लाटांनी ती काठार लोटली, आणि पाण्याची ओढ तिका किनाऱ्यान सरकवीत हयसर घेवन इली. ओढ फिरली की जातली."

तिचे मासे वाळवायचे खांब दर वर्षी नव्या जागी असत, ते का, हे मला तेव्हा कळलं. तरी खोप मोडायला मन होईना. आप्पांना काय तोंड दाखवू?

वैशाखात वारा फिरला. सकाळी बघतो तर जिभेचं टोक तुटलेलं आणि खोपीचा एक खांब पाण्यात. शेवटचे बोद आतच होते. मी नुसता उभा. आक्कानं दोन्ही ल्योकांना हाक मारली आणि दुपारपर्यंत सगळे बोद तिच्या पडवीत आले. तिनं सुके मासे बाहेर काढून जागा केली होती. ते उपकार मी अजून विसरलो न्हाय.

आप्पा आले, बोद चाचपले. कोरडे होते.

"खोप कुठाय रं?"

"वाळूसंगं गेली, आप्पा."

त्यांनी पडवीतल्या आक्काकडं बघितलं.

"हितंच ऱ्हा. पण फुडल्या खेपेला खोप घालायच्या आधी मला न्हाय, ह्यांना इचार."