बाळाच्या बोटात रुतलेला केस

गल्लीत तिला सगळे ‘लांबवेणी’ म्हणत. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती काज-बटणाच्या मशीनवर बसायची आणि वेणी मशीनमध्ये अडकू नये म्हणून कमरेशी खोचून ठेवायची. पोटुशी असताना तर केस इतके दाट झाले, की सासूबाई म्हणायच्या, “पोटातलं पोर आतून खत घालतंय की काय तुला!”

मुलगी झाली, चार महिने नीट गेले आणि मग केस गळायला लागले. फणी फिरवली की मूठभर हातात. न्हाणीघराच्या जाळीवर गुंतवळ, उशीवर केस, दुधाच्या भांड्यातही एखादा. नवरा एकदा गमतीत म्हणाला, “आपण मांजर पाळलंय का गं?” तिचे डोळे भरून आले, तेव्हा त्याने जीभ चावली. शेजारीण समजूत घालायला आली आणि जाता जाता सांगून गेली, “माझ्या नणंदेचं असंच सुरू झालं होतं. पुढे टक्कलच पडलं बघ.” त्या दिवसापासून हिने आरशात बघणंच सोडलं.

एका दुपारी बाळ रडायला लागलं, ते थांबेचना. दूध घेईना, खांद्यावर राहीना. पोटात दुखत असेल म्हणून सासूबाईंनी पोट शेकून पाहिलं. शेवटी तळपाय गरम आहेत का बघायला त्यांनी पायमोजे काढले आणि त्या ओरडल्याच, “अगं, हे बघ काय!”

पायाचं एक बोट लालभडक, टम्म फुगलेलं. बुडाशी बारीक काळी रेघ. आईचाच केस बोटाभोवती गुंडाळून आत रुतला होता. नखाने निघेना. नवऱ्याने स्कूटर काढली, बाळाला घेऊन दोघी मागे बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी भिंगाखाली धरून केस अलगद कापला. बोट हळूहळू गुलाबी झालं आणि बाळ हुंदके देत देत आईच्या कुशीत झोपलं. आई मात्र आता रडायला लागली.

“माझ्यामुळे झालं हे. मुंडणच करून टाकते मी!”

“काही नको,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दिवस गेलेले असतात तेव्हा केस गळायचे थांबतात. ते अडकून राहिलेले सगळे नंतर एकदम गळतात, इतकंच. बहुतेकींचे वर्षभरात परत येतात. तोवर केस बांधून ठेवा आणि बाळाचे मोजे उलटे करून बघत जा. वर्षानंतरही थांबले नाहीत तर या, तपासू.”

बाहेरच्या बाकावर सासूबाई मुलाकडे बघत हळूच म्हणाल्या, “हा झाला तेव्हा माझेही गेले होते. कित्येक महिने डोक्याला रुमाल बांधून हिंडले.”

“आई! मग मला सांगितलं का नाही?”

“काय सांगू? मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे.”

मग दोघींनाही हसू आलं, तेही डोळे पुसता पुसता.

पुढच्याच आठवड्यात तिने खांद्यापर्यंत केस कापून घेतले. कारखान्यात बायका हळहळल्या, पण तिला हलकं वाटलं. काही महिन्यांनी कपाळावर नवे केस उगवले, आखूड, ताठ, तेल लावलं तरी न बसणारे.

सासूबाईंचं मात्र तोंड सुटलंय. गल्लीत कुणाचं बाळंतपण झालं, की त्या जाऊन, कुणी विचारो न विचारो, आपल्या गळलेल्या केसांची गोष्ट सांगून येतात. ऐकणारीच लाजते, सासूबाई नाही.