खाऊन काय केलंस?

मुलांनो, आपल्या घरासमोरचे ॲलर्जीचे डॉक्टर ‘काय खाल्लंस?’ एवढ्यावर थांबत नाहीत. ‘खाऊन काय केलंस?’ असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत चष्मा पुसत राहतात. परवा मी त्यांच्या दवाखान्यात बसले असताना एक पैलवान आला. तालमीत अंगावर गांधी उठून तो दोनदा कोसळला होता.

“चपाती खाऊन जोर मारलं. पण चपाती रोजच खातोय की!”

“खाऊन नुसता बसलास तर?”

“काय न्हाय.”

“उपाशीपोटी जोर मारलेस तर?”

“तवाबी न्हाय.”

डॉक्टरांनी चष्मा चढवला. “दोन्ही एकत्र आलं की होत असणार. गव्हाची तपासणी करू. तोवर तालीम बंद.”

“म्हंजे कुस्ती सुटली?”

“सुटलीच तर चपाती सुटेल. तुझा आजा काय खाऊन कुस्ती खेळायचा?”

“भाकरी.”

या वेळी डॉक्टरांनी चष्मा काढला नव्हता. उत्तर त्यांना माहीत होतं.